होळकरांचा एक कोटी आपण कोणत्या खात्यावर मांडला?



२०२५ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आपण सर्वांनी उत्साहात साजरी केली. शोभायात्रा निघाल्या, व्याख्याने झाली, शाल-श्रीफळांची देवाणघेवाण झाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु या सगळ्या सोहळ्यात एक गोष्ट सतत खटकत राहिली. अहिल्यादेवींच्या शिवभक्तीबद्दल, दानधर्माबद्दल, न्यायबुद्धीबद्दल आपण भरभरून बोललो. पण घाट, बारवा, विहिरी, धर्मशाळा, रस्ते हे सगळे बांधकाम आहे, याचा उच्चार फारसा झाला नाही. नदीच्या पात्रात घाट उभा करायचा तर कोणीतरी जमिनीची परीक्षा करतो, पाया किती खोल जाईल ते ठरवतो, पुराचे पाणी कुठवर चढेल याचा अंदाज घेतो, दगड घडवतो आणि पै-पैचा हिशेब लिहितो. आपण त्याला पुण्य म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडले की पुढचे प्रश्न विचारावे लागत नाहीत, ही आपली सोय!

या सवयीचा परिणाम असा झाला आहे की, वारसा म्हटले की आपल्याला राजवाडा दिसतो, छत्रीबागेतल्या छत्र्या दिसतात, लालबाग पॅलेस दिसतो. पूल दिसत नाही, बोगदा दिसत नाही, धरण दिसत नाही. १९८४ मध्ये राजवाडा जळाला तेव्हा सारे इंदूर हळहळले आणि पुढे तो पुन्हा उभाही राहिला. ते योग्यच झाले. पण होळकर संस्थानाने आपल्या खजिन्यातून जे सर्वांत मोठे काम उभे राहू दिले, ते आपल्या डोळ्यांदेखत उखडले गेले तेव्हा किती सभा झाल्या? किती निवेदने गेली? आपल्या या अंकांतून तरी त्यावर किती ओळी छापल्या गेल्या?

मी बोलतो आहे होळकर स्टेट रेल्वेबद्दल.

मी इंजिनियर नाही. कॉमर्स घेऊन बी.ए. झालेल्यांना जेवढे कळते त्याहून थोडे अधिक, म्हणजे बी.कॉम. होऊन बँकेत खतावण्या लिहिणाऱ्याला कळते तेवढेच मला कळते. म्हणून आधी व्यवहाराचेच बोलतो. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता ही शहरे रेल्वेने जोडली गेली. ती लाइन खंडव्यावरून जात होती. माळव्याचा कापूस, अफू आणि धान्य मात्र बैलगाड्यांतून विंध्याचा घाट उतरून, नर्मदा ओलांडून खाली जात होते. त्या वर्षी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडव्यापासून इंदूरपर्यंत लाइन व्हावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. व्याज दरसाल दरशेकडा साडेचार, मुदत १०१ वर्षे!

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. कर्ज सरकारने संस्थानाला दिलेले नाही, संस्थानाने सरकारला दिलेले आहे. वर्षाचे व्याज साडेचार लाख रुपये. मुदत मोजली तर ती १९७१ मध्ये संपते. त्याच १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले, हा काळाचा योगायोग. आजच्या कोणत्याही बँकेत एवढ्या मुदतीचा अर्ज आला तर मॅनेजर साहेब अर्जदाराकडे नव्हे, अर्ज घेणाऱ्या क्लार्ककडे चमत्कारिक नजरेने पाहतील. पण तुकोजीरावांनी तो व्यवहार केला. पुढे ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनीही इंदूर ते नीमच या लाइनसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले.

‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य शाळेपासून ऐकत आपण मोठे झालो. निदान इंदूरच्या माणसाने तरी ते मान खाली घालून ऐकू नये. आराखडा आणि देखरेख इंग्रज इंजिनियरांची होती, हे खरे आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. पण पैसा इथला होता. तो होळकरांच्या खजिन्यात आला कुठून? माळव्या-निमाडच्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून आणि व्यापाऱ्यांच्या जकातीतून. आणि दगड फोडायला, माती वाहायला, नर्मदेच्या पात्रात उतरायला जे हात लागले तेही इथलेच. त्यांची नावे कोणत्याच पाटीवर नाहीत.

आता काम काय झाले ते पाहा. खंडवा ते सनावद हा टप्पा १ डिसेंबर १८७४ रोजी सुरू झाला. मोरटक्क्याजवळचा नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ रोजी खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते उघडला गेला. पुलाला १४ गाळे, प्रत्येक गाळा १९७ फुटांचा. उन्हाळ्यातल्या पाण्यापासून पुलाची उंची ८० फूट. नर्मदेचा पूर ज्याने पाहिला आहे त्याला ही उंची कशासाठी ते सांगावे लागणार नाही. पूल ओलांडला की समोर विंध्याची भिंत. तिथे लाइन १ ला ४० या चढाने वर नेली, म्हणजे चाळीस फूट पुढे गेले की एक फूट वर. रस्त्यावर हा चढ आपल्याला जाणवणारही नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे आगगाडीला हा चढ फार अवघड जातो. म्हणूनच कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला आणखी एक इंजिन लावत. चार बोगदे फोडले, त्यांची एकूण लांबी ५१० यार्ड. खोल खोदकामे, दगडी धारक भिंती, आणि एका पुलाचे खांब तर नदीपासून १५२ फूट उंच. १८७८ पर्यंत गाडी घाट चढून इंदुरात आली. हे सारे पहार, फावडे, सुरुंगाची दारू आणि बैलांच्या बळावर!

नावाचे नशीब मात्र खोटे निघाले. १८८१-८२ मध्ये ही लाइन राजपुताना-माळवा रेल्वेत मिळवली गेली आणि ‘होळकर’ हा शब्द वेळापत्रकातून गेला. तरी लाइन होती, पूल होता, बोगदे होते. आपल्या आज्या-पणज्या याच गाडीने माहेरी गेल्या, याच गाडीने ओंकारेश्वरला जाऊन आल्या. मग मीटर गेजचे ब्रॉड गेज करण्याचे काम आले आणि २०२३ मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड ही शेवटची मीटर गेजची गाडीही थांबली. राहिला तो पातालपानी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा. त्यावर २५ डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज ट्रेन सुरू झालेली आहे.

ही गाडी सुरू केली याबद्दल रेल्वेचे आभार मानलेच पाहिजेत. बोगदे आणि घाट त्यामुळे वाचले. पण वारसा वाचवणे आणि सहल काढणे यांत फरक आहे. पावसाळ्यात आपण त्या गाडीत बसतो, धबधबा पाहतो, कालाकुंडला उतरून कलाकंद खातो, फोटो काढतो आणि संध्याकाळी घरी येतो. ही लाइन कोणाच्या पैशाने झाली, हा चढ का अवघड होता, हा बोगदा कसा फोडला, हे मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? कलाकंद पोटात गेला, इतिहास डोक्यात गेला नाही.

आणि ही गत एका रेल्वेचीच नाही. यशवंत सागर घ्या. १९३९ मध्ये गंभीर नदीवर इंदूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी हे धरण बांधले गेले. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी येईपर्यंत या शहराची तहान मुख्यतः अशाच होळकरी तलावांनी भागवली. त्याच्या सांडव्याला सायफन बसवलेले होते. सायफन म्हणजे काय, तर वाकवलेली, वरून झाकलेली मोठी नळी. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ते नळीतून वाहू लागते, आतली हवा सोबत बाहेर काढते, आणि मग नळी पूर्ण भरून पाणी जोराने खेचले जाते. पातळी उतरली की हवा आत शिरते आणि प्रवाह आपोआप तुटतो. माणूस नको, मोटर नको, रात्री-बेरात्री दरवाजा उचलायला चौकीदार नको. आता पावसाळ्यात बातमी येते ती यशवंत सागरचे गेट उघडल्याची. त्या सायफनांचे मूळ नकाशे आज कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या कपाटात आहेत, हे आपण कधी विचारले आहे का?

गंमत अशी की, २०२२ मध्ये सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोघांनाही रामसर यादीत स्थान मिळाले. ही पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिथे येणाऱ्या पक्ष्यांमुळे हा मान मिळाला. पक्ष्यांना जागा आवडली म्हणून जगाने दखल घेतली. ती जागा ज्यांनी बांधली त्यांची दखल घ्यायला मात्र अजून कोणी आलेले नाही. सारस आणि बगळे आपल्यापेक्षा कृतज्ञ म्हणायचे!

यात सगळा दोष आपलाच आहे असे नाही. कायदाही तसाच आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात स्मारकाची व्याख्या दिली आहे. वास्तू शंभर वर्षांहून कमी वयाची नसावी आणि ती ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची असावी. हे तीन शब्द नीट पाहा. अभियांत्रिकी हा शब्द त्यात नाही. कोणी म्हणेल, ‘ऐतिहासिक’ या शब्दात सगळे आलेच की! यायला काहीच हरकत नाही. पण ज्या अधिकाऱ्याने कोरीव खांब, शिलालेख आणि घुमट पाहण्याचे शिक्षण घेतले आहे, त्याला रिव्हेट मारलेला गर्डर म्हणजे भंगारच दिसणार. शिवाय शंभर वर्षांची अट. त्या अटीने यशवंत सागर २०३९ पर्यंत दारात उभा राहणार. तोवर त्यातले जुने काय शिल्लक राहील?

देशात काहीच झाले नाही असेही नाही. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका-शिमल्याची २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. या तिन्ही लाइनी थोर आहेत, यात वाद नाही. पण तिन्ही लाइनी साहेबांना थंड हवेत नेणाऱ्या होत्या. कापूस, धान्य आणि यात्रेकरू वाहणारी, देशी राजाच्या कर्जावर उभी राहिलेली लाइन मात्र कोणाच्या यादीत नाही. राष्ट्राचा अभियांत्रिकी वारसा सांगायचा असेल तर या दुसऱ्या प्रकारच्या कामांची नोंद आधी व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांच्या इंजिनियरांनी ही लाइन आखली त्यांनी आपल्या घरी काय केले तेही पाहू. कोलब्रूकडेलचा लोखंडी पूल १७७९ चा. १९३४ मध्येच तो त्यांनी संरक्षित केला आणि १९८६ मध्ये तो जागतिक वारसा ठरला. १९९६ मध्ये तिथे रेल्वे वारशासाठी वेगळा कायदा झाला. रेल्वे खाजगी कंपन्यांच्या हाती जात असताना जुन्या वस्तूच नव्हे, तर जुनी कागदपत्रेही राखून ठेवण्याचा अधिकार त्या कायद्याने एका समितीला दिला. म्हणजे विकण्याआधी यादी, मोडण्याआधी नोंद. आपल्याकडे आधी मोडतात, मग स्मृतिग्रंथ काढतात.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला आक्षेप, ‘मग काय ब्रॉड गेज नको? विकास नको?’ हवे! इंदूर-खंडवा ब्रॉड गेज जितके लवकर होईल तितके चांगले. दक्षिणेकडे जाणाऱ्या माणसाचे हाल मलाही कळतात. तुकोजीराव आज असते तर त्यांनी त्यासाठीही कर्ज दिले असते. मुद्दा जुनी लाइन चालवण्याचा नाही. बँकेत एखादे खाते बंद होते तेव्हा आम्ही लेजर फाडून टाकत नाही. शेवटची नोंद करतो, शिल्लक शून्य दाखवतो, सही करतो आणि कागद मुदतीपर्यंत जपतो. दीडशे वर्षांची लाइन बंद होताना एवढी तरी शिस्त नको का? गर्डर काढायचा तर काढा. आधी त्याचे मोजमाप घ्या, फोटो काढा, एक गाळा जमिनीवर उभा करून ठेवा, आणि नकाशे अशा ठिकाणी द्या जिथे विद्यार्थ्याला ते पाहता येतील.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एका मोठ्या गणेशोत्सवाच्या मांडवाला आणि रोषणाईला जो खर्च येतो त्याच्या अंशात पाच ठिकाणी दगडी पाट्या बसतील. पैसा नाही असे म्हणू नका, मन नाही असे म्हणा.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त लागतो. ‘हे रेल्वेचे आणि नगर निगमचे काम आहे, मराठी मंडळाचा यात काय संबंध?’ संबंध असा की, आपण इथले आहोत हे सिद्ध करायची वेळ आली की आपण काय दाखवतो? नाट्यगृहातल्या स्पर्धा, कोजागिरी, हळदीकुंकू आणि ‘आम्ही मूळचे सातारचे’ हे वाक्य. आपल्या घरातली तिसरी-चौथी पिढी आपसात हिंदीत बोलते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, तेव्हापासून आपली राजकीय गणती काय राहिली हे दर निवडणुकीत कळतेच. भाषा घरात आक्रसली, मते वॉर्डात विखुरली. उरते ते काम. पूल, तलाव, बोगदे सांगतात की या शहरात आपले पूर्वज पाहुणे म्हणून आलेले नव्हते, त्यांनी या मातीत पैसा आणि आयुष्य घातले. हा पुरावा आपणच भंगारात जाऊ दिला, तर उद्या आपल्याला कोणी ‘बाहेरचे’ म्हटले तर दाखवायला उरेल फक्त वंशावळ.

मात्र हा वारसा फक्त मराठी माणसाचा आहे असा दावा कोणी करू नये. तो माळव्याचा आहे, निमाडचा आहे, या देशाचा आहे. त्यासाठी आवाज पहिला कोणी द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. ज्याच्या घरात कागद आहेत त्याने द्यावा.

आणि कागद आपल्या घरात आहेत! आपल्या समाजातून पीडब्ल्यूडीत, सिंचन विभागात, रेल्वेत, पाणीपुरवठ्यात, कॉलेजांत किती इंजिनियर, ओव्हरसियर, ड्राफ्ट्समन, अकाउंटंट होऊन गेले ते आठवा. रामबागेत, नारायण बागेत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर त्यांच्या पेट्या आहेत. त्यांत निळे नकाशे आहेत, मोजणीच्या वह्या आहेत, बांधकामाच्या ठिकाणचे ग्रुप फोटो आहेत. वाडा बिल्डरला दिला जातो, मुले पुण्या-बंगळूरला असतात, दोन दिवसांत घर रिकामे करायचे असते, आणि पेटी कबाडीवाल्याकडे किलोच्या भावाने जाते. तिथे रेल्वे दोषी नाही, निगम दोषी नाही, १९५८ चा कायदाही दोषी नाही. तिथे आपणच.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आणि आपल्या सर्वांपुढे मी पुढील मागण्या ठेवतो.

एक, मंडळाने पुढील सर्वसाधारण सभेत ठराव करून रेल्वे प्रशासनाकडे लेखी मागणी करावी की, जुन्या खंडवा-इंदूर लाइनवरील पूल, बोगदे, स्टेशने आणि सामग्री यांची संपूर्ण यादी जाहीर करावी, आणि नोंद झाल्याशिवाय काहीही लिलावात काढू नये.

दोन, पातालपानी, कालाकुंड, मोरटक्का, यशवंत सागर आणि सिरपूर येथे हिंदी, मराठी आणि इंग्रजीत पाट्या लागाव्यात. त्यावर काम कोणते, कधी झाले, पैसा कोणाचा आणि ते चालते कसे, या चार गोष्टी असाव्यात. उद्घाटकांची नावे नसली तरी चालतील!

तीन, आपल्या खासदार-आमदारांना विचारावे की १९५८ च्या कायद्याच्या व्याख्येत ‘अभियांत्रिकी’ हा शब्द घालण्यासाठी ते काय करणार आहेत. उत्तर लेखी मागावे आणि याच अंकात छापावे. मते मागायला ते आपल्या गणपतीत येतातच. आरतीचे ताट हातात देण्याआधी हा प्रश्न हातात द्यावा.

चार, मंडळाच्या ग्रंथालयातले एक कपाट रिकामे करावे. ज्यांच्या घरी जुने नकाशे, फोटो, वह्या आहेत त्यांनी त्या तिथे द्याव्यात, निदान प्रत काढू द्यावी. नोंदवही ठेवण्याचे काम मी स्वतः करीन, त्यात माझा हात बसलेला आहे.

स्वच्छतेत आपले इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिले आले. त्याचा मलाही अभिमान आहे. पण घर झाडताना आजोबांचे कागदही केरात टाकणाऱ्याला आपण टापटीप म्हणत नाही. तुकोजीरावांनी १०१ वर्षांच्या मुदतीचा विचार केला. आपण निदान पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंतचा करावा. पेट्या उघडा, कागद काढा आणि सभेला या.